म्हातारपणी यकृत थकतं का? एका प्रश्नाचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की हे व्याख्यान इतिहासाचं आहे की आरोग्याचं? इतिहासाचंच आहे. कुठली गोळी घ्यावी आणि कुठली घेऊ नये, हे सांगायचा आम्हाला अधिकार नाही आणि तो आमचा बेतही नाही. एक साधा प्रश्न माणसांनी कसा कसा विचारला, त्याची उत्तरं कशी चुकली, आणि चुकीच्या उत्तरांतून काय हाती लागलं, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात घरापासून करतो. आमच्या आजीला ८१व्या वर्षी झोप लागेना, म्हणून डॉक्टरांनी डायझेपामची गोळी दिली. रोज रात्री एक. पहिले तीन-चार दिवस छान गेले. आजी खूश, घर खूश. आठव्या-दहाव्या दिवशी ती भरल्या ताटावर पेंगायला लागली. नावं विसरायला लागली. एका पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडली. हाड मोडलं नाही हे नशीब. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हातारपणी लिव्हर थकतं हो, औषध बाहेर पडत नाही." गोळी बंद केली, पंधरवड्यात आजी पूर्ववत झाली आणि पुन्हा रात्री जागून माळ ओढायला लागली.

ते वाक्य तेव्हा आम्हाला शंभर टक्के पटलं. गुडघे थकतात, डोळे थकतात, मग लिव्हरनंच काय पाप केलंय? पण 'थकतं' म्हणजे नेमकं काय होतं, आणि हे कोणी, कधी, कसं मोजलं, हे शोधायला गेलो आणि अडकलो. आजचं व्याख्यान ही त्या अडकण्याची हकीकत आहे.

पहिली गंमत अशी, की यकृत रक्त शुद्ध करतं ही कल्पनाच फार जुनी नाही. आपल्या आयुर्वेदात रक्तवह स्रोतसाचं मूळ यकृत आणि प्लीहा. रसाला लाल रंग देऊन त्याचं रक्त करायचं काम रंजक पित्ताचं, आणि तेही तिथंच. तिकडे ग्रीक वैद्य गेलेन, इसवी सनाचं दुसरं शतक, तोही म्हणत होता की अन्नाचा रस यकृतात जातो आणि तिथं त्याचं रक्त होतं. म्हणजे दोन्हीकडे यकृत हा रक्ताचा कारखाना. धोबीघाट नव्हे. आपल्या भाषेतही याची खूण राहिली आहे. 'काळीज तुटतं' म्हणताना आपण हात छातीवर ठेवतो, आणि मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की खाटीक बरोबर यकृत कापून देतो.

गेलेनचा कारखाना सतराव्या शतकात बंद पडला. हार्वेनं १६२८ साली रक्ताभिसरण दाखवलं. १६५१ मध्ये पेकेनं दाखवलं, की आतड्यातला दुधाळ रस यकृतात जातच नाही, वेगळ्या नळीनं थेट हृदयाजवळच्या शिरेत पडतो. मग कोपनहेगनच्या टॉमस बार्थोलिननं १६५३ मध्ये काय करावं? त्यानं यकृताचा मृत्युलेखच लिहिला. रक्ताचा राजा गेला, आता फक्त पित्त गाळत बसायचं, अशा अर्थाचा. दीड हजार वर्षांची सत्ता अशी संपली. पुढं दोनेकशे वर्षं यकृत म्हणजे पित्त करणारी एक मोठी ग्रंथी, यापलीकडे त्याला फारशी किंमत नव्हती. क्लोद बर्नार्डनं १८४८च्या सुमारास यकृत साखर तयार करतं हे दाखवलं तेव्हा कुठं लोक पुन्हा वळून बघायला लागले.

रक्तातली घाण यकृत काढतं याचा पहिला जोरदार पुरावा मिळाला तो कुत्र्यांकडून. सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक नावाच्या डॉक्टरनं १८७७ मध्ये एक शस्त्रक्रिया केली. आतड्याकडून यकृतात येणारी मोठी शीर, जिला आपण प्रतिहारी शीर म्हणतो, ती त्यानं यकृताला वळसा घालून थेट मुख्य शिरेला जोडली. आठ कुत्री होती. सात लवकर मेली. आठवं अडीच महिने जगलं आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेलं, असं सांगतात. आम्हाला त्या कुत्र्याबद्दल मनापासून आदर आहे.

पंधराएक वर्षांनी पावलोव, तोच, घंटा आणि लाळेवाला, यानं सहकाऱ्यांबरोबर हीच शस्त्रक्रिया सफाईनं केली. १८९३च्या आसपासची गोष्ट. कुत्री जगली, पण विचित्र वागायला लागली. चिडायची, झोकांड्या खायची, काहींना झटके यायचे. आणि हे सगळं विशेषकरून मांस खाल्ल्यावर. आतड्यातून आलेलं काहीतरी, जे एरवी यकृतात अडवलं जातं, ते थेट मेंदूपर्यंत पोचत होतं. त्यातला मोठा गुन्हेगार अमोनिया. हा अमोनिया यकृतात युरिया होऊन कसा निकामी होतो ते चक्र हान्स क्रेब्सनं १९३२ मध्ये फ्रायबर्गला उलगडलं.

आता यात म्हातारपण कुठं आलं? ते आणलं इल्या मेचनिकॉफनं. हा रशियन साम्राज्यातला प्राणिशास्त्रज्ञ, पुढं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. १८८२ मध्ये त्यानं तारामाशाच्या पिल्लांत भटक्या पेशी परक्या वस्तूंना गिळताना पाहिल्या, आणि त्यावरून पुढं १९०८चं नोबेल मिळालं. आपल्याशी त्याचा धागा असा, की ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन पुढं मुंबईच्या प्लेगमध्ये आला आणि १८९७च्या जानेवारीत इथंच स्वतःला लस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावानं आहे. असो, वळण जरा लांबचं झालं.

मेचनिकॉफचं म्हणणं असं, की मोठ्या आतड्यात जंतू अन्न कुजवतात, त्यातून विषं तयार होतात, ती रक्तात झिरपतात, आणि आयुष्यभराच्या या विषप्रयोगाचं नाव म्हातारपण. उपाय? आंबट दही. जरा-विज्ञानाला आजचं 'जेरॉन्टॉलॉजी' हे नाव त्यानंच १९०३ मध्ये दिलं. कल्पना इतकी लोकप्रिय झाली, की लंडनचा सर्जन आर्बथनॉट लेन लोकांची मोठी आतडी कापून काढायला लागला. बिचारे रुग्ण! वीसेक वर्षांत ही लाट ओसरली. पण आमच्या मते मेचनिकॉफनं एक मोठं काम केलं. 'म्हातारपणी शरीरात कचरा साठतो का, आणि तो काढणारे कमी पडतात का' हा प्रश्न त्यानं प्रयोगशाळेत आणून ठेवला. उत्तर चुकलं, प्रश्न राहिला. आज कोपऱ्याकोपऱ्यावर 'डिटॉक्स' ज्यूस विकणारे आहेत, ते नकळत मेचनिकॉफचेच वारस. फरक एवढाच, की तो मोजायला तयार होता.

कचरा काढणाऱ्या पेशींची एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. कार्ल कुप्फर यकृतातल्या नसा शोधत होता. १८७६ मध्ये सोन्याच्या क्षाराचा रंग देऊन त्याला ताऱ्यासारख्या पेशी दिसल्या. वीसेक वर्षांनी त्याला आणि इतरांना कळलं, की यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत कचरा गिळणाऱ्या पेशी आहेत. त्याला वाटलं, या त्याच आपल्या ताऱ्यासारख्या. नाव पडलं कुप्फर पेशी. १९७१ मध्ये जपानच्या केन्जिरो वाके यांनी दाखवलं, की कुप्फरला पहिल्यांदा दिसलेल्या पेशी वेगळ्याच होत्या, अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या. म्हणजे आज ज्यांना त्याचं नाव आहे त्या त्यानं तेव्हा पाहिल्याच नव्हत्या. नाव मात्र कायम. आपल्याकडे रस्त्यांचं होतं तसंच.

आता मोजमापाकडे. माणसाचं यकृत दीडेक किलोचं, आणि दर मिनिटाला त्यातून साधारण दीड लिटर रक्त जातं. हृदय जेवढं बाहेर फेकतं त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. जिवंत माणसात हे कसं मोजायचं? युक्ती रंगाची. १९२५ पासून ब्रोमसल्फालिन नावाचा रंग शिरेत टोचून तो रक्तातून किती लवकर जातो ते पाहायला लागले. १९४५ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली ब्रॅडली आणि मंडळींनी यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेत बारीक नळी सरकवली आणि आत किती रंग गेला, बाहेर किती आला, यावरून रक्तप्रवाहाचाच हिशेब काढला. इंग्लंडमध्ये शीला शेरलॉक यांनी ही पद्धत उचलली. यकृताच्या वैद्यकाची आजची इमारत बरीचशी या बाईंनी उभी केली आहे.

पुढं इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग आला, अल्ट्रासाउंड आलं, आणि इंग्लंडातच न्यूकासलला हिलरी विन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक नीटस अभ्यास छापला. २४ ते ९१ वयाची ६५ निरोगी माणसं. वयाबरोबर यकृताचा आकार कमी होत गेलेला, आणि त्यातून जाणारं रक्तही. तरुण टोकापासून म्हाताऱ्या टोकापर्यंत प्रवाहातली घट साधारण एक तृतीयांश. लक्षात घ्या, ही आजारी माणसं नव्हेत. यांची नेहमीची एलएफटी केली असती, तर रिपोर्ट तरुणासारखाच आला असता. निरोगी म्हाताऱ्याच्या यकृताची गंमतच ही आहे, की लॅबच्या कागदावर त्याचं वय फारसं दिसत नाही.

म्हणजे डॉक्टर बरोबर होते? थांबा. आता खरी भानगड सुरू होते.

१९७१ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधून एक छोटा निबंध आला. अँटिपायरिन हे जुनं तापाचं औषध, जवळजवळ सगळं यकृतातच मोडतं, म्हणून यकृताची परीक्षा घ्यायला सोयीचं. म्हाताऱ्या रुग्णांत ते रक्तातून निम्मं व्हायला तरुणांपेक्षा ४५ टक्के जास्त वेळ लागत होता. झालं. 'म्हातारं लिव्हर मंद' असा शिक्का बसला. आपल्या डॉक्टरांचं वाक्य इथूनच कुठूनतरी पाठ्यपुस्तकांत गेलं असणार.

चार वर्षांनी, १९७५ मध्ये, बाल्टिमोरमध्ये रॉबर्ट व्हेस्टल आणि सहकाऱ्यांनी हेच अँटिपायरिन ३०७ निरोगी माणसांना दिलं. ही मंडळी १९५८ पासून चाललेल्या वार्धक्याच्या मोठ्या अभ्यासातली. डंडीतले म्हातारे इस्पितळात पडलेले होते, हे आपापल्या घरी राहणारे, धडधाकट. इथंही वयाबरोबर निचरा थोडा कमी होतच होता. पण माणसामाणसांत जो प्रचंड फरक होता, त्यातला वयाचा वाटा किती? सुमारे ३ टक्के. आणि सिगारेटचा? सुमारे १२ टक्के. सिगारेट ओढणाऱ्यांची यकृतं औषध जास्त वेगानं मोडत होती! तरुण जास्त ओढतात, म्हातारे कमी. म्हणजे 'तरुण यकृत चपळ' असं आपण म्हणत होतो, त्यातला काही भाग निव्वळ धुराचा होता. (कृपया यातून कोणी सिगारेटची शिफारस काढू नये.)

त्याच वर्षी नॅशव्हिलमधून आलेला निबंध तर थेट आमच्या आजीचा. उलरिख क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी डायझेपामच पाहिलं. विसाव्या वर्षी हे औषध रक्तात निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात. ऐंशीव्या वर्षी ९० तास. जवळजवळ चार दिवस! रोज रात्री एक गोळी, आणि पहिली अर्धी व्हायलाच चार दिवस. म्हणजे आठव्या-दहाव्या दिवशी आजीच्या अंगात काय साठलं असेल ते पाहा. पण निबंधातली मुख्य गोष्ट पुढं आहे. यकृत दर मिनिटाला किती रक्तातून औषध काढून टाकतं, हा जो खरा निचरा, तो निरोगी म्हाताऱ्यांत फारसा बदललेलाच नव्हता. मग ९० तास कशामुळे?

घरातला पाण्याचा हौद डोळ्यांपुढे आणा. मोरीचं भोक तेवढंच आहे, पण हौद मोठा झाला, तर रिकामा व्हायला वेळ लागणारच. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपाम चरबीत मुरणारं औषध. ते अंगभर पसरून बसतं आणि रक्तात थोडंथोडंच परत येतं. यकृत दारात उभं आहे, पण माल दारापर्यंत पोचतच नाही. पुढच्या काही अभ्यासांत वृद्ध पुरुषांत निचराही थोडा कमी आढळला, तो भाग आम्ही लपवत नाही. पण मोठा वाटा हौदाचाच. म्हणजे आजीच्या डॉक्टरांनी गोळी बंद केली हे बरोबर. कारण दिलं ते बरंचसं चूक. निरपराध यकृतावर आळ आला.

१९७५ हे वर्ष या विषयात एवढं भाग्याचं, की तिथंच नॅशव्हिलला ग्रँट विल्किन्सन आणि डेव्हिड शँड यांनी गुंता सोडवणारी मांडणीही त्याच साली केली. पोस्टातल्या दोन कारकुनांची कल्पना करा. एक इतका चपळ, की पोतं आलं की सगळी पत्रं लगेच वेगळी करून मोकळा. त्याचं काम किती होणार हे पोती किती येतात यावर ठरतं. दुसरा सावकाश, त्याच्यापुढं नेहमीच ढीग. त्याला जास्त पोती दिली काय, कमी दिली काय, काम त्याच्याच वेगानं. काही औषधांसाठी यकृत पहिल्या कारकुनासारखं असतं. प्रोप्रॅनोलॉल, लिडोकेन, मॉर्फिन ही त्यातली. म्हातारपणी रक्तप्रवाह एक तृतीयांशानं घटला, की यांचा निचराही जवळपास तसाच घटतो. डायझेपाम, अँटिपायरिनसाठी यकृत दुसऱ्या कारकुनासारखं. तिथं प्रश्न विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा. त्याबाबत आजही एकमत नाही. अमेरिकेतल्या एका गटाला माणसाच्या यकृताच्या तुकड्यांत वयाबरोबर घट दिसली नाही. फिनलंडच्या २२६ जणांच्या अभ्यासात सत्तरीनंतर सुमारे ३० टक्के दिसली. प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या नर उंदरांत मात्र घट स्वच्छ दिसते, आणि आमचा संशय असा, की बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांनी उंदरांचं म्हातारपण माणसांच्या नावावर खपवलं.

हे सगळं विद्वानांचं भांडण वाटत असेल, तर बेनोक्साप्रोफेनचं ऐका. संधिवाताचं हे औषध ब्रिटनमध्ये १९८० साली 'ओप्रेन' नावानं आलं. संधिवात कोणाला? मुख्यतः म्हाताऱ्यांना. त्यांच्या शरीरात हे औषध तरुणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं, हे कळेपर्यंत लाखो लोकांना डोस मात्र सरसकट एकच लिहून दिला गेला होता. १९८२ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी कावीळ होऊन दगावलेल्या वृद्ध रुग्णांची नोंद छापली. त्या ऑगस्टमध्ये औषध मागं घेतलं गेलं, तोवर ब्रिटनमध्ये संशयित मृत्यूंचा आकडा साठच्या वर गेला होता. इथं यकृत आणि मूत्रपिंड दोघंही गुंतलेली होती. तोपर्यंत नवी औषधं बहुतांशी तरुण स्वयंसेवकांवर तपासली जायची आणि म्हाताऱ्यांना विकली जायची. १९८९ मध्ये अमेरिकेनं आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शक नियम आले, की जे औषध वृद्ध वापरणार ते वृद्धांत तपासा. इतकी साधी गोष्ट, आणि ती लिहायला माणसं मरावी लागली.

न्यूकासलच्याच विन यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट १९९० मध्ये दाखवली. पॅरासिटामॉल निकामी करण्याची यकृताची ताकद धडधाकट म्हाताऱ्यांत बऱ्यापैकी टिकून होती, खंगलेल्या म्हाताऱ्यांत घटलेली होती. जन्मतारखेपेक्षा अंगातलं त्राण जास्त बोलकं ठरलं. डंडी आणि बाल्टिमोरची उत्तरं वेगळी का आली, याचाही उलगडा यात थोडाफार होतो.

आता अगदी अलीकडचा अध्याय. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत अखंड नसते, चाळणीसारखी भोकाभोकांची असते. ही भोकं बेल्जियमच्या एडी विसे यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नीट दाखवली. एकेक भोक साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं. रक्तातला माल यातून गाळून पेशींपर्यंत जातो. न्यूझीलंडचे रॉबिन फ्रेझर यांनी सुचवलं, की जेवणानंतर रक्तात तरंगणाऱ्या चरबीच्या कणांचे अवशेष याच चाळणीतून जातात. आणि मग सिडनीच्या डेव्हिड ले कुटूर यांनी २००१ मध्ये म्हाताऱ्या उंदरांची चाळणी पाहिली. भिंत जाड झालेली, भोकं कमी झालेली. मोकळी जागा सुमारे ४ टक्क्यांवरून अडीचवर आलेली. दोनच वर्षांत माणसाच्या यकृतातही असाच बदल सापडला. यकृताचा आजार नाही, दारू नाही, नुसतं वय. नॉर्वेत ट्रॉम्सोला बोर्ड स्मेडस्रोड अनेक वर्षं सांगत आले आहेत, की या भिंतीच्या पेशी नुसती भिंत नाहीत, त्या स्वतः रक्तातला बारीक कचरा उचलणाऱ्या सफाई कामगार आहेत.

आम्हाला या शोधात विलक्षण काय वाटतं सांगतो. शंभर वर्षं सगळे यकृताच्या मुख्य पेशींकडे, म्हणजे कारकुनाकडे, बोट दाखवत होते. कारकून बहुधा ठीकच होता. पोती कमी येत होती, आणि खिडकीची जाळी बुजत चालली होती.

कारकुनाच्या वयाबद्दल तर २०२२ मध्ये वेगळंच कळलं. १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जड कार्बन वाढला, तो सगळ्यांच्या पेशींत गेला, आणि त्याच्या प्रमाणावरून पेशी कधी जन्मली हे काढता येतं. ड्रेस्डेनच्या ओलाफ बेर्गमान यांच्या गटानं अशा रीतीनं विशीपासून ऐंशीच्या घरापर्यंतच्या लोकांची यकृतं तपासली. मुख्य पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्याही आत निघालं. विशीतल्याचं तेवढंच, म्हाताऱ्याचंही जवळपास तेवढंच.

म्हणजे ८१ वर्षांची आमची आजी उंबऱ्यापाशी पडली तेव्हा तिच्या यकृताच्या बहुतेक पेशी अंगणवाडीच्या वयाच्या होत्या. मग नव्या पेशींच्या शेजारची चाळणी जुनी का पडते, ती पुन्हा मोकळी करता येते का, यावर उंदरांत काम चालू आहे, माणसांत अजून काही हाती नाही. आम्ही इथं थांबतो. मागच्या रांगेत एक हात केव्हाचा वर आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.